आठ खाचा आणि एक तडा

मिस्त्रीला सगळे ओळंबा म्हणत. बोलणं भिंतीवर सोडलेल्या ओळंब्याच्या दोरीसारखं सरळ, कुणाचं तोंड बघून वाकायचं नाही. पण वरच्या मजल्याचं वर्षभराचं काम मिळावं म्हणून यंदा तो जीभ आवरून होता.

संस्थेच्या सभागृहाची काँक्रीटची जमीन ओतली आणि दुसऱ्या सकाळी तो कटर घेऊन आला, तर अध्यक्ष आडवे आले.

"नवीकोरी जमीन कापतोस? मला आरशासारखी अखंड पाहिजे!"

"साहेब, सुकताना काँक्रीट आकसतं, आकसलं की तडकतं. देवाघरचा कायदा आहे. आपण आधीच सरळ खाचा दिल्या, की बिचारं गुपचूप खाचेतच तडकतं."

"माझ्या सभागृहात काही तडकणार नाही. तसा ठराव झालाय."

ठरावापुढे कटर काय करणार! ओळंबा गप्प बसला. शेजारच्या कोठीत मात्र, जिथे अध्यक्षांचं पाऊल पडत नसे, त्यानं आठ खाचा मारल्या. दोन्हीकडे पाणी मारलं त्याच्या बायकोनं, लेकराला न्हाऊ घालावं तशा मायेनं.

तीन महिन्यांत व्यासपीठापासून दारापर्यंत नागमोडी तडा गेला. अध्यक्षांनी चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्षही तेच. तडा पाहून झाल्यावर समिती कोठीत शिरली आणि अध्यक्षांनी कपाळावर हात मारला.

"अरे देवा! इथे तर आठ तडे! आणि कसे निर्लज्जासारखे सरळ!"

"साहेब, त्या खाचा आहेत, मी मारल्यात."

"लिहून घ्या, कबुली दिली."

निकाल तिथेच लागला. कोठीत आठ, सभागृहात एकच. म्हणजे मिस्त्री सुधारतोय. अध्यक्ष विरघळले. "वरचा मजला तुलाच. खाच एकही नको. फक्त 'कोठीची चूक माझी' एवढ्यावर सही कर."

शेजारी उभ्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. "अहो, करून टाका ना. वर्षभराची चूल आहे."

ओळंब्यानं पेन घेतलं. खाली बघितलं. आठ खाचांच्या मध्ये केसाएवढीही रेघ नव्हती.

"साहेब, सभागृहातल्या तड्याखाली सही मागा, देतो. कळत असून गप्प बसलो, ती चूक माझी. या खाचांखाली नाही देणार."

"मग वरचं काम विसर!"

"विसरलो. वरती मिस्त्री नको तुम्हाला, मांत्रिक बघा."

बायको कोपऱ्यात ठेवलेल्या त्यांच्या कटरकडे वळली. मग पदर खोचून म्हणाली, "चला. कटर मी घेते, घमेली तुम्ही उचला."