एका चिठ्ठीवर दोन पेन

प्रतीक्षाला साखरेचा आजार निघाला तो चौतिसाव्या वर्षी. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांबरोबर आठवड्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं. पेनासारखं दिसणारं, पोटावर टोचायचं. त्यांनी तिला समोर बसवून अर्धा तास सगळं समजावलं. मूल हवं असेल तर दोन महिने आधी बंद करायचं, ओकाऱ्या थांबल्या नाहीत किंवा पोटात कळ आली तर लगेच यायचं, आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचं. या औषधानं पोट हळू रिकामं होतं, म्हणून. प्रतीक्षानं मान हलवली. सहा महिन्यांत तिचं अकरा किलो वजन उतरलं.

तिची मोठी बहीण साधना अमरावतीला दिलेली. तिचे यजमान किशोर नांदगाव पेठच्या एका कापड गिरणीत होते. उन्हाळ्यात दोघी बहिणी पातूरला माहेरी आल्या. वडील मळ्यातली वांगी तोडत होते, आणि मळ्याच्या बांधावर बसून साधना प्रतीक्षाकडे टक लावून पाहत होती.

"काय घेऊन राहिली तू? खरं सांग."

प्रतीक्षानं सांगितलं.

"मले पण आणून दे."

"तुले कुठं साखर आहे ताई? डॉक्टरले दाखव आधी."

"डॉक्टरकडे जायचं म्हणजे आत्याबाई संग येतात. त्यायले समजलं तर रोज जेवताना तेच ऐकावं लागंन." साधना सासूला आत्याबाई म्हणायची. तिनं पदरानं मान पुसली. "दुसरी भाकर घेतली का त्या माह्या ताटाकडे पायतात. काही बोलत नाईत. नुसत्या पायतात."

प्रतीक्षाला नाही म्हणता आलं नाही. ओळखीच्या मेडिकलवाल्यानं तिच्याच चिठ्ठीवर दर महिन्याला दोन पेन दिले, एक तिचा, एक ताईचा. कसं टोचायचं, फ्रिजमध्ये कसं ठेवायचं, कमी डोसपासून कशी सुरुवात करायची, एवढं तिनं बहिणीला दाखवलं. बाकीचं साधनाच्या कामाचं नाही असं तिला वाटलं, की सांगायचंच राहून गेलं, हे पुढे तिलाही नीट आठवेना.

साधना झरझर उतरली. पाच महिन्यांत चौदा किलो. सासूबाई मनकर्णाबाई शेजारपाजारी सांगू लागल्या, आमच्या सुनेनं गुरुवार धरले, एकादशा धरल्या, पाहा कशी झाली. साधना ते ऐकून घ्यायची. पेन लसणाच्या डब्यात, फ्रिजच्या तळाशी असायचा. मग दिवाळीनंतर तिच्या उजव्या कुशीत कळा येऊ लागल्या. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. सर्जननी विचारलं, एवढ्यात वजन फार उतरलं का? तसं झालं की खडे होतात कधीकधी. साधना म्हणाली, उपास केले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी प्रतीक्षा अमरावतीला पोचली. दवाखान्याच्या खोलीत भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. मनकर्णाबाई खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या.

"कुठलं औषध चालू आहे का? गोळी, इंजेक्शन, आयुर्वेदिक, काहीही?"

साधनानं एकदा सासूकडे पाहिलं. "थायरॉइडची गोळी. बाकी काही नाई."

प्रतीक्षा खिडकीशी उभी होती. साधनानं तिच्याकडे पाहिलं नाही. रविवारी पेन घेतला होता आणि आज सोमवार, एवढं प्रतीक्षाला ठाऊक होतं. भुलीबद्दल अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी काहीतरी सांगितलं होतं, तेही तिला आठवलं. बाहेर जाऊन सांगावं असं मनात आलं. पण कोणाला सांगायचं नाही म्हणून साधनानं तिला पातूरच्या मळ्यात आईची शपथ घातली होती. आणि एवढ्यानं काय होते, असं तिनं स्वतःला सांगितलं.

मंगळवारी सकाळी दहाला साधनाला आत नेलं. रात्री आठला तिनं भाकर आणि मुगाचं वरण खाल्लं होतं, त्यानंतर पाण्याचा थेंबही नाही. पाऊण तासानं सर्जन बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून किशोर उभे राहिले.

"ऑपरेशन केलेलं नाही. भूल देताना पोटातलं वर आलं आणि फुफ्फुसात गेलं. श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागेल." ते थांबले. "चौदा तास उपाशी होत्या ना नक्की?"

"माह्या डोळ्यासमोर झोपली ते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "काई नाई खाल्लं तिनं."

"मग अन्न जसंच्या तसं कसं? वजन कमी करायचं इंजेक्शन वगैरे घेत होत्या का?"

"नाई जी. उपास करते ते."

किशोरनीही मान हलवली. प्रतीक्षा भिंतीला टेकून होती. तिला आपले पाय दिसत होते, चपला दिसत होत्या, पण ते आपले आहेत असं वाटत नव्हतं. सर्जन वळून निघाले. ते जिन्यापर्यंत पोचले तेव्हा ती मागे गेली.

"डॉक्टर, घेत होती. आठवड्याले एक. परवा घेतलं. मीच आणून देत होती."

त्यांनी औषधाचं नाव विचारलं, डोस विचारला, आणि लिहून घेतलं. रागावले नाहीत. "काल कळलं असतं तर आपण पुढे ढकललं असतं, किंवा पोट तपासून वेगळ्या पद्धतीनं भूल दिली असती," एवढंच म्हणाले.

परत येऊन तिनं किशोरना सांगितलं. मनकर्णाबाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "मले काहून नाई सांगतलं तिनं?"

प्रतीक्षाला उत्तर माहीत होतं.

साधना चार दिवस मशीनवर होती. प्रतीक्षा सकाळी दहा मिनिटं आत जायची. नळी, पट्ट्या, सुजलेला चेहरा. रडू येईल असं दर वेळी वाटायचं, आणि यायचं नाही. बाहेर येऊन ती बाकावर बसायची, कोणी चहा दिला तर प्यायची, कोणी काही विचारलं तर नीट उत्तर द्यायची. मनकर्णाबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला असायच्या. तिसऱ्या दिवशी त्या आपणहून म्हणाल्या, "मी तिच्या ताटाकडे पायत जाओ. ते कमी खाते का, हे पायाले. तिनं भलतंच घेतलं मनात." खरं होतं की आता तसं वाटत होतं, कोण जाणे. प्रतीक्षानं "हो मावशी" म्हटलं.

पाचव्या दिवशी नळी काढली. साधनाचा आवाज घोगरा झाला होता. तिनं पाणी मागितलं, घर कोण पाहतं ते विचारलं. डॉक्टरांनी समोर बसून सांगितलं की ते इंजेक्शन वाईट नाही, पण तपासल्याशिवाय, दुसऱ्याच्या चिठ्ठीवर आणि लपवून घेणं वाईट. घ्यायचंच असेल तर स्वतःच्या डॉक्टरांकडे जा. साधना ऐकत होती. सासूबाई तिथंच होत्या.

दोन महिन्यांनी तिचं ऑपरेशन नीट पार पडलं. त्या वेळी प्रतीक्षाला कोणी बोलावलं नाही. आटोपल्यावर किशोरचा फोन आला. इंजेक्शन बंद झाल्यावर साधनाचं सहा किलो वजन परत आलं, हेही त्यांनीच सांगितलं. जिना चढताना तिला अजून दम लागतो म्हणाले.

प्रतीक्षाचं इंजेक्शन चालू आहे. तिला ते लागतं. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंना तिनं चिठ्ठीचं खरं सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

बहिणींचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते माघात. साधनानं फोन केला.

"वांगे पाठवले का बाबानं?"

"पाठवले."

"मलेही आले. कीड होती थोडी."

"माह्यातही होती."

साधना मग गॅस सिलिंडरचं बोलली, किशोरच्या गिरणीतल्या रात्रपाळीचं बोलली. प्रतीक्षा वाट पाहत होती. ताई शिव्या देईल, काही तरी म्हणेल. साधना "ठेवतो मग," म्हणाली.