झपाटलेल्या वस्तूंची खोली

सरुबाईंनी सायकलच्या घंटीवरची धूळ पदरानं पुसली, तिच्यावर अंगठा टेकवला. पण दाबला नाही.

"वाजती का हो मास्तर, अजून?"

भगवंतराव चौकटीला धरून उभे होते. हो म्हणावं असं त्यांना फार वाटलं. नल्लकुंट्यातल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत सायकल चार वर्षं उभी होती आणि एकदाही, चुकूनसुद्धा, तिची घंटी वाजली नव्हती.

"माझ्याकडे नाही वाजली," ते म्हणाले.

सरुबाईंचा नवरा श्रीपती टपालखात्यात होता. विषमज्वरानं गेला, आणि महिन्याभरात दिवेलागणीला ओसरीतल्या सायकलची घंटी आपोआप वाजू लागली. पोरं चळचळा कापायची. शेवटी शेजाऱ्यांनीच सांगितलं, त्या भगवंतराव मास्तरांकडे नेऊन टाका, ते असलं सगळं ठेवून घेतात.

ठेवून घेत होते खरे. गेलेल्या सुनेचा चेहरा दिसणारा आरसा, विस्तव नसताना गुडगुडणारा हुक्का, काय काय होतं त्या खोलीत. नाद तसा जुना. तरुणपणी सुलतान बाजारात एका वकिलांच्या माडीवर दर शनिवारी प्लँचेट चाले. डॉक्टर, प्राध्यापक, संस्थानातले अधिकारी दिवा बारीक करून तीन पायांच्या फळीवर बोटं टेकून बसत. भगवंतराव तेव्हा गंमत म्हणून जात. पुढे त्यांची बायको, कुसुम, गेली आणि ती गंमत राहिली नाही. फळी इतरांसाठी भराभर अक्षरं गिरवी. कुसुमचं नाव घेतलं की जागची हलत नसे. रझाकारांच्या धामधुमीत ती बैठक मोडली. मग त्यांनी लोकांच्या वस्तू ठेवून घ्यायला सुरुवात केली. जिथं कुणीतरी येतंय तिथं यायची वाट असणार, त्या वाटेनं एखादे वेळी कुसुमही येईल, असं काहीसं त्यांच्या मनात होतं. कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

आता राज्याचे तुकडे पडले होते. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि कचेऱ्यांतली मराठी माणसं ट्रंका बांधून काचीगुडा स्टेशनावर गाडी धरू लागली. जाता जाता लोक आणखी वस्तू आणून टाकतील, असं भगवंतरावांना वाटलं होतं. झालं उलटंच. आधी आरसा ज्यांचा त्यांनी परत नेला. मग हुक्का. आणि आज सरुबाई आल्या होत्या.

"तेव्हा तर तुम्ही भ्यायला होतात."

"भीतच होते की. पण परभणीला भावाकडं चाललो आम्ही. ते घर ह्यांनी बघितलेलं बी नाही. आम्हाला हुडकायचं तर कुठं हुडकतील?" त्यांनी सीटवरून हात फिरवला. "सायकल असली म्हंजी येतील बघा."

भगवंतरावांनी आतून पंप आणला आणि उकिडवं बसून दोन्ही चाकांत हवा भरली. सरुबाई सायकल ढकलत निघाल्या. गल्लीच्या कोपऱ्यावर रिक्षा आडवी आली तेव्हा त्यांनी स्वतःच घंटी वाजवली.

भगवंतराव खोलीत परतले. आरशाच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन राहिला होता. शनिवारी त्यांनाही निघायचं होतं. औरंगाबादला बदलून गेलेला मुलगा, केशव, बोलावून बोलावून थकला होता. इतकी वर्षं साऱ्या गावाची माणसं आपण सांभाळली आणि कुसुमचं काही, काहीच ठेवलं नाही, हे त्यांच्या आता ध्यानात आलं. तेराव्यानंतर डोळ्यांना बघवेना म्हणून लुगडी बहिणींना दिली होती, भांडीकुंडी शेजारीपाजारी.

दुपार कलत आली होती. त्यांनी टोपी घातली आणि मागच्या अंगणातल्या लक्ष्मम्मांच्या दारात जाऊन उभे राहिले. लक्ष्मम्मा तेलुगू. मोडकंतोडकं मराठी त्या कुसुमकडूनच शिकल्या होत्या, भगवंतरावांना मात्र तेलुगूतच पंतुलुगारू, म्हणजे मास्तर, म्हणत.

"कुसुमचा खलबत्ता तुम्हाला दिला होता. असला तर नेईन म्हणतो. शनिवारी जातोय मी."

"न्या ना पंतुलुगारू. तुमचाच हाय."

पण त्या उठल्या नाहीत. हातातली शेंग सोलत राहिल्या.

"काय झालं?"

"वाजतो तो," त्या खाली बघत म्हणाल्या. "चायच्या टायमाला. अद्रक कुटतात ना, वैसाच. दो बार. मग थांबते. मग एक."

आल्याचा तुकडा उडू नये म्हणून कुसुम मध्येच तळव्यानं खल झाकायची, आणि मग एकच ठोका घालायची.

"इतकी वर्षं सांगितलं नाहीत मला?"

"सांगितलं तर तुम्ही नेला असता तुमच्या कमऱ्यात." लक्ष्मम्मांचा आवाज बारीक झाला. "मला इथं दुसरं कोण हाय, पंतुलुगारू?"

कोनाड्यात खलबत्ता होता. घासूनपुसून लख्ख ठेवलेला. भगवंतराव दोन पावलं पुढे झाले, हात लांबवला, आणि मागे घेतला. मग त्यांनी टोपी काढली.

"चहाच्या वेळेपर्यंत मी इथं जरा बसलो तर चालेल?"

लक्ष्मम्मांनी पाट पुढे सरकवला. मग त्या अंगणात गेल्या, ठिबकणारा नळ घट्ट पिळून बंद केला, आणि आवाज न करता आत येऊन बसल्या.