विहिरीकाठचे पाच गुंठे

सायखेड्याचा गोटीराम द्राक्षवेडा माणूस. त्याच्या दीड एकरात द्राक्षांनी पाय पसरले होते, उरले होते विहिरीकाठचे पाच गुंठे. तिथं त्याची बायको नवसाबाई कोथिंबीर लावायची. द्राक्ष वर्षातून एकदा हसतं, कोथिंबीर दर बाजाराला मीठमिरची आणते, असं तिचं म्हणणं. दोन हजार तीनच्या दिवाळीत वाद पेटला तेव्हा ठरलं, की या हिवाळ्यात कोथिंबीर विकली गेली तर जागा तिची, नाहीतर तिथंही द्राक्षं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! गोटीरामानं द्राक्षाच्या मांडवासाठी वीस बांबू आणून कडेनं रोवूनही टाकले.

डिसेंबरात घड बुडवायचं काम निघालं. मणी लांबावेत म्हणून मगात औषधाचं पाणी घेऊन एकेक घड त्यात बुडवायचा. शेवटी दोन बादल्या पाणी उरलं. महागाचं औषध ओतून द्यायला जीव होईना. नवसाबाई माहेरी गेलेली, कोथिंबीर जरा खुजी दिसत होती. “घे बाई, तू पण वाढ,” म्हणत त्यानं झारीनं शिंपलं. मनात पाप नव्हतं, खरंच नव्हतं.

वाढली की! नवसाबाई परतली तोवर कोथिंबीर पिवळी, काडीसारखी लांब झाली होती आणि वर तुरे निघाले होते. बाजारात जुडीला कुणी हात लावेना.

गोटीरामानं खरं ते सांगून टाकलं. नवसाबाईनं आधी बांबूंकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

“जागा पाहिजे व्हती तर तोंडानं मागायची ना वो.”

वीस वर्षांच्या संसारात तिनं गोटीरामाला कधी लबाड समजलं नव्हतं. शपथा घेऊन काय उपयोग? तो उठला आणि एकेक बांबू उपटू लागला. तळहात सोलले, तरी विसावा बांबू निघेपर्यंत थांबला नाही.

“दुकानदाराला परत देतो. पीक गेलं तरी जागा तुझीच हाय.”

नवसाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, “परत कशाला? कोथिंबीर राहू द्या, धने तरी व्हतील. अन् त्या बांबूंवर दोडका चढवू. फक्त तुमची ती बादली इकडं आणू नका.”

गोटीराम पहार घेऊन आला. “पहिला खड्डा कुठं घेऊ?” त्यानं विचारलं.

दीड एकर द्राक्ष उभं केलं, पण हा प्रश्न त्यानं तिला आजवर कधी विचारला नव्हता.