लाल पेन्सिल

शिंपीदादा शिवण शिकला तो लोकांचे जुने कपडे उसवून. पुढे गोष्टी लिहायचं वेड लागलं, तेव्हा त्याने पुस्तकांनाही तोच न्याय लावला. लाल पेन्सिल घेऊनच वाचायला बसायचा. लेखकाने गुपित कुठे दडवलं, लांब वाक्यामागे आखूड वाक्य का टाकलं, सगळं समासात टिपायचा. खोड इतकी अंगात मुरली की औषधाच्या बाटलीवरचं लेबलही त्याच्या तावडीतून सुटेना.

आज सकाळी धाकटी बहीण दोन बॅगा घेऊन माहेरी आली, कायमची. दुपारी कात्री शोधायला तिने मशीनचा खण उघडला, तर हाती लागलं तिनेच चार महिन्यांपूर्वी पाठवलेलं पत्र. लाल खुणांनी भरलेलं.

तिने समास मोठ्याने वाचला. "'सुरुवात छान, उगाच रडारड नाही. इथे नवऱ्याचा विषय एकदम तुटतो. काहीतरी मुद्दाम गाळलंय. फार परिणामकारक! आपल्या गोष्टीत वापरावं.'"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं दादाला झालं.

"अगं, सवय गं ती," तो पुटपुटला. कौतुकच केलंय की, असंही ओठांवर आलं होतं. नशीब, तेवढं तरी गिळलं.

धाकटीने पत्राची घडी घातली.

"गाळलेलं बरोब्बर ओळखलंस, दादा," ती म्हणाली. "मग मला उत्तरात 'इकडे सगळे मजेत' एवढंच का लिहिलंस?"