अर्धी पट्टी तुला, अर्धी मला

मी एक जुना, फुकट राहणारा भाडेकरू आहे. नाव ट्रायकोमोनास. जीभ अडखळली? अडखळू दे. साध्या डोळ्यांना न दिसणारा, एका पेशीचा परजीवी मी. 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. मैत्री कसली डोंबलाची, तुमचं शरीर म्हणजे माझं बिऱ्हाड.

शरीरसंबंधातून मी एकाकडून दुसऱ्याकडे जातो. एका घड्याळजीच्या अंगात मी कित्येक महिने मुकाट राहिलो. त्याला काडीचाही त्रास नाही. त्याच्या बायकोकडे, म्हणजे शिंपीणबाईकडे गेलो आणि मग मात्र उच्छाद मांडला. खाज, जळजळ, घाण वास. तिला शिलाई मशीनवर धड बसवेना.

डॉक्टरीणबाईंनी तपासून गोळ्यांची पट्टी दिली. "नवऱ्यालाही पाठवा," म्हणाल्या. घरी भडका उडाला.

"कुठे शेण खाऊन आलास?" शिंपीणबाई कडाडली.

"मी ठणठणीत आहे! तूच आणलं असशील!"

मी कुणाच्या अंगात कधी शिरलो, हे कुठलीच तपासणी सांगत नाही. लग्नाआधीचाही असेन. पण खुलासा करायला मला काय पडलीय? भांडा लेकांनो! ती माहेरी निघाली, तेव्हा माझ्या आनंदाला पारावार नव्हता.

ती दारात पोचताच घड्याळजी वरमला, पण दवाखान्यात जायची लाज. "तुझ्यातल्याच अर्ध्या दे ना," म्हणाला. एका दुकानात मधे पडदा लावून दोघं कामं करत, चहासुद्धा अर्धा-अर्धा घेत. तीही विरघळली आणि थांबली. अर्ध्या औषधाने मी मरतो होय? थोड्याच दिवसांत पुन्हा तीच जळजळ.

या वेळी ती ओरडली नाही. "आता चल, नाहीतर मी कायमची जाते," एवढंच म्हणाली. तो उठून तिच्याबरोबर निघाला.

"औषध म्हणजे काय खाऊ आहे, वाटून खायला?" डॉक्टरीणबाईंनी दोघांना फैलावर घेतलं. "दोघांनी एकाच वेळी आपापल्या पूर्ण गोळ्या घ्या. बरे होईपर्यंत एकमेकांपासून लांब राहा."

"माझा राग गेलेला नाही," गोळी गिळून ती म्हणाली.

"राग नाही गेला तरी चालेल. पण तू जाऊ नकोस," म्हणत त्यानेही गिळली.

मेलो! मित्रांनो, मरणाऱ्याची विनंती ऐका. लाजा, एकमेकांवर आळ घ्या, 'मला काही होत नाही' म्हणत घरी बसा. माझी लेकरं तुमच्याच भरवशावर आहेत.