मुक्यांना थारा नाही

होनोलुलूच्या आमच्या प्रयोगशाळेत अंगठ्याएवढी माकुळं, म्हणजे स्क्विड, असतात. त्यांच्या पोटाखालच्या कप्प्यात जिवाणू राहतात. माकूळ त्यांना खाऊ घालतं, ते त्याला उजेड देतात. पण एकटादुकटा जिवाणू उजळत नाही. तो एक रसायन सोडून बाकीच्यांना हाक घालतो. हाका पुरेशा दाटल्या, की सगळे मिळून पेटतात.

आमच्या प्राध्यापक मेडेरोसना हे पटत नव्हतं. म्हणजे त्यांना स्वतःशिवाय कोणाचंच पटत नसे.

"हाका, म्हणे! माकूळ म्हणजे मडकं. भराल ते राहतं."

लेइमोमी अकाना त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. हाक घालूच न शकणारे, मुके जिवाणू तिने तयार केले होते. ती म्हणाली, "सर, मुक्यांना माकूळ थारा देत नाही."

"अगं, जिवाणूंपेक्षा तूच जास्त बोलतेस!"

चेले खिदळले. त्यांना हसायला विनोद लागत नसे.

देणगीदार यायचे होते. मेडेरोसनी अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांच्या पाण्यात मुके जिवाणू सोडायला लावले. जिवाणूंना हिरवा रंग दिलेला होता. दुसऱ्या दिवशी पिल्लांच्या कप्प्यात हिरवे ठिपके दिसले आणि साहेब मिशीतल्या मिशीत हसत गावभर सांगत सुटले.

"सर, अजून थोडं थांबा," लेइमोमी म्हणाली.

"थांबावं ते ज्यांना खात्री नसते त्यांनी."

आणखी दोन दिवसांनी पाहुणे आले, डबाबंद मांस ठेवलेले भाताचे मुटके, म्हणजे स्पॅम मुसुबी, खाऊन पडद्यासमोर बसले. साहेबांनी सूक्ष्मदर्शकाचं चित्र लावलं. कप्पा जवळजवळ रिकामा.

"आंटी!" ते माझ्यावर ओरडले. टाक्या मी सांभाळते. "पाणी खराब होतं का?"

"पाणी तेच, सर. शेजारच्या भांड्यातली बघा, बोलके जिवाणू दिलेली."

ती पिल्लं हिरवीगार भरलेली. मेडेरोसनी हात पसरले. "हेच तर मला दाखवायचं होतं! हाक नाही, तर उजेड नाही. उजेड नाही, तर आसरा नाही!"

टाळ्या पडल्या. बेशरमपणाला टाळ्या लवकर पडतात.

लेइमोमी उठली. "सर, मग मडक्याचंही सांगा ना."

"कसलं मडकं?" पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं.

तिने सगळं सांगितलं, न चिडता. मेडेरोस एकटेच हसले.

दुपारी धक्क्यावर बसून आम्ही पोके, म्हणजे कच्च्या माशाची कोशिंबीर, खाल्लं. ती काट्याने मासा नुसताच उलटसुलट करत होती.

"आंटी, माझी पीएच.डी. गेली."

"गेली तर गेली. त्या माणसाच्या सहीची हौस आहे तुला?"

तिने मार्गदर्शक बदलले. उशीर झाला, पण पदवी मिळाली. आता बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर तिची स्वतःची माकुळं आहेत. मेडेरोसना बढती मिळाली. असल्यांना मिळतेच. देणगी मात्र त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी लेइमोमीच्या नावाने दिली, आणि त्या चेकच्या फोटोत साहेब मधोमध उभे आहेत, दात काढून.