घड्याळावरचा आळ

मी एक जुनं घड्याळ आहे, पण आत्ता किती वाजले हे मला विचाराल तर मला सांगता यायचं नाही. मित्रांनो, मी धावणाऱ्यांची वेळ मोजणारं घड्याळ, म्हणजे स्टॉपवॉच. डोक्यावरचं बटण एकदा दाबलं की सुटायचं, दुसऱ्यांदा दाबलं की थांबायचं, तिसऱ्यांदा दाबलं की शून्यावर यायचं. मला एवढंच येतं, पण जे येतं ते चोख येतं. म्हणून कुणी मला खोटारडं म्हटलं की माझ्या जिवाला फार लागतं. आणि ज्यांच्या खिशात माझा जन्म गेला, त्यांनीच मला एकदा खोटारडं ठरवलं.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांब टेबलावर झाला. तिथल्या एका बाईंनी केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून माझ्या पोटात बसवली. तेवढा वेळ त्यांनी श्वास रोखून धरला होता. त्या शिंकल्या असत्या तर मी आज तुमच्याशी बोलत नसतो. श्वासाची किंमत मला तेव्हापासून माहीत आहे.

मग मी एका शाळेत आलो, खेळाच्या सरांकडे. सर तेव्हा तरुण होते आणि दिवसाला पाकीटभर सिगारेटी ओढायचे. मैदानावर पोरं पळत असायची आणि सर एका हातात मला आणि दुसऱ्या हातात सिगारेट धरून उभे असायचे. पेटतं टोक तळव्याच्या आत लपवायची त्यांची एक लकब होती. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मोठी मुलं खेळाच्या साहित्याच्या खोलीमागच्या भिंतीआड तेच करायची आणि खोकत खोकत परत यायची.

एके दिवशी सर काहीतरी शोधायला त्या भिंतीमागे गेले. तिथे त्यांचा सर्वांत लाडका धावपटू उभा होता. पेटतं टोक तळव्यात लपवलेलं, मान थोडी तिरकी, डोळे बारीक केलेले. हुबेहूब सर. सर तिथूनच मागे फिरले. परत येताना त्यांनी खिशातलं पाकीट चुरगाळलं, ते माझ्याच शेजारी चुरगाळलं म्हणून मला आठवतं. त्यांची सिगारेट त्या दिवशी सुटली.

सुटली म्हणजे सुखासुखी सुटली नाही. कित्येक आठवडे त्यांचे हात थरथरायचे आणि माझं बटण नीट दाबता यायचं नाही. मग त्यांनी दोन नियम केले. मला दोन्ही हातांनी धरायचं आणि दाबायचं, हा पहिला. आणि रोज सकाळी संघाच्या कप्तानाने मला वीस वेढे चावी द्यायची आणि सर येईपर्यंत आपल्या जॅकेटच्या खिशात सांभाळायचं, हा दुसरा. पुढे सरांचे हात थांबले, पण नियम तसेच राहिले. आता तर माझं बटणही इतकं कडक झालंय की एका हाताने ते दबतच नाही.

वर्षं गेली. पाकिटांवर भीतिदायक चित्रं आली, फळ्यावर सूचना आल्या. भिंतीमागची जागा ओस पडली, तिथे गुडघाभर गवत वाढलं. सर ते गवत येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचे. "ही पिढी आमच्यापेक्षा शहाणी निघाली," म्हणायचे. मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघं गाफील राहिलो, मित्रांनो.

मग खार कप्तान झाली. सतरा वर्षांची मुलगी, अंगाने बारकी, पाय असे झरझर पडायचे की सगळे तिला खारच म्हणायचे. मैदानाच्या दोन फेऱ्या, म्हणजे आठशे मीटर, ती दोन मिनिटं एकवीस सेकंदांत पळायची. दोन मिनिटं वीसच्या आत आली असती तर खेळाडूंच्या वसतिगृहासाठी तिची निवड झाली असती. राहणं, शिकणं, सराव, सगळं एका जागी. तिची आई कापडाच्या गिरणीत पाळीवर जायची. "ही तिथे पोहोचली की मी सुटले," असं ती सरांना म्हणाली होती. म्हणजे सगळं काही एका सेकंदावर अडलं होतं, आणि ते सेकंद माझ्या पोटात होतं.

एका सकाळी खारीच्या खिशात मला शेजार मिळाला. पेनासारखी एक नळी होती आणि तिला पिकल्या फळाचा वास येत होता. मला वाटलं, नवीन पेन असेल. सरांनाही वास आला. ते हसून म्हणाले, "काय गं, अत्तर लावून पळायला येतेस होय?" खार लाजली. तिच्या मैत्रिणींच्या अंगालाही तोच वास होता, सरांनी तिकडेही बघितलं नाही. त्यांचं सगळं लक्ष भिंतीमागच्या गवतावर, आणि धूर मात्र त्या नळीतून, म्हणजे ई-सिगारेटमधून, वाफ होऊन समोरच्या दाराने आत आला होता.

दोन महिन्यांनी नळी गेली आणि पाकीट आलं. तो वास मी बारा वर्षांनीही लगेच ओळखला. पण मी कुणाला सांगणार? मला बोलता येतं ते फक्त काट्याने. मी काट्याने सांगितलं. दोन मिनिटं तेवीस. दोन मिनिटं सव्वीस. दोन मिनिटं एकोणतीस.

सरांनी मला हलवलं, कानाला लावलं. "हे पुढे पळायला लागलंय," ते म्हणाले. "पोरीचे पाय खोटं बोलायचे नाहीत."

खार वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती. तिने माझ्यावरचा आळ तसाच राहू दिला. मला तिचा राग आला. दुसऱ्या सकाळी तिच्या खिशात मला तिचे गार, ओले हात लागले आणि राग कुठल्या कुठे गेला. पोरगी घाबरली होती.

सरांनी मला ड्रॉवरमध्ये टाकलं. आठ दिवस मी सेलोटेप आणि सुटलेल्या बटणांच्या सोबतीने काढले. निवड चाचणीला तीन आठवडे उरले होते. ड्रॉवरमध्ये पडल्या पडल्या मला एकच घोर होता, की माझी बदनामी झाली तर झाली, पण माझ्यावर आळ घेऊन ही सगळी निवांत बसली तर त्या पोरीचं काय होईल?

शेवटी सर मला घड्याळजींकडे घेऊन गेले. म्हाताऱ्याने मला आपल्या भिंतीवरच्या घड्याळाखाली तासभर चालवलं. "सेकंदाचाही फरक नाही," ते म्हणाले. मग भिंग लावून, सुईने त्यांनी माझ्या बटणाच्या खाचेतून तपकिरी रंगाचा एक कण काढला आणि पांढऱ्या कागदावर ठेवला.

"सर, सिगारेट ओढता का?"

"बारा वर्षं झाली सोडून."

"मग हे ज्याच्या खिशात राहतं, तो ओढतो. तंबाखू आहे ही, आणि ताजी आहे."

सरांनी तो कण कागदातच गुंडाळून खिशात ठेवला. मी निर्दोष सुटलो होतो, पण मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या पायऱ्यांवर सरांनी तो कागद खारीपुढे उलगडला.

"रोज नाही ओढत, सर. एखादीच."

"मीही असंच म्हणायचो," सर म्हणाले. मग त्यांनी भिंतीमागच्या त्या मुलाची गोष्ट सांगितली आणि आपले थरथरणारे हातही सांगितले. इतक्या वर्षांत ते कुणाला सांगितलं नव्हतं.

खार रडायला लागली. "आधी नुसती वाफ होती. सगळ्याच मैत्रिणी ओढायच्या, वाटलं वाफेने काय होतंय. मग ती संपली की डोकं दुखायचं, अभ्यासात लक्ष लागायचं नाही. आता सोडायचं म्हणते तर सुटत नाही. आईला सांगाल?"

"तू सांगशील. मी शेजारी बसेन. आणि डॉक्टरांकडेही जाऊ." सरांनी मला तिच्या ओंजळीत ठेवलं. "तलफ आली की हे सुरू कर. मोठा काटा पाच फेरे मारेपर्यंत, म्हणजे पाच मिनिटं, काही करायचं नाही. बहुतेक वेळा तेवढ्यात ती ओसरते. नाही ओसरली तर आणखी पाच."

त्या दिवशी खारीने मला चौदा वेळा सुरू केलं. मी अनेक शर्यती मोजल्या, पण एका जागी बसून धावणाऱ्या माणसाची शर्यत पहिल्यांदाच मोजली. ती मला फार लांब वाटली.

निवड चाचणीत खार दोन मिनिटं बावीसमध्ये आली. दोन सेकंदांनी संधी गेली. सरांनी मला हलवलं नाही, कानाला लावलं नाही. काटा तिच्याकडे वळवून विचारलं, "बरोबर आहे ना?" ती म्हणाली, "बरोबर आहे." पुढची चाचणी वर्षाने आहे. सगळं ऐकल्यावर तिच्या आईने गिरणीतली पाळी बदलून घेतलीय, आता संध्याकाळी ती घरी असते.

मित्रांनो, मला जपा असं म्हणायला मी आलेलो नाही. माझी स्प्रिंग तुटली तर घड्याळजी दुसरी बसवतील. तुमच्या छातीतली कुणालाच बदलता येत नाही. वास फळाचा असो की फुलाचा, नळी असो की पाकीट, खिशात काय आलंय ते नीट बघा. आणि तुमची वेळ मागे पडू लागली, तर घड्याळाला दोष देऊ नका.

याहून जास्त बोलायला आत्ता सवड नाही. मैदानाच्या फाटकाशी खारीच्या मैत्रिणी जमल्यात. एकीने पेटती सिगारेट तिच्यापुढे धरली, "एकच झुरका, कुणाला कळतंय?" खारीने मला दोन्ही हातांनी दाबून खिशात ठेवलं. एक फेरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला तिचा हात खिशात मला इतका आवळत होता की माझ्या काचेवर वाफ धरली. चौथ्याला तिने मला बाहेर काढलं आणि त्याच मैत्रिणीच्या रिकाम्या तळव्यावर ठेवलं.

"पाच झाले की थांबव. तोवर मी पळून येते."

"अगं, पण थांबवू कसं? बटण दबत नाहीये."

"दोन्ही हातांनी," खार पळता पळता म्हणाली.

ती आता लांबच्या वळणावर आहे. माझा पाचवा फेरा निम्मा सरलाय. मैत्रीण एकदा माझ्याकडे बघते, एकदा दुसऱ्या हातातल्या सिगारेटकडे.